माळवदावरून दूरदर्शन

इतिहास लिहिणाऱ्याने घडलेली गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असावी, निदान पाहणाऱ्याच्या शेजारी तरी बसलेलं असावं, असं म्हणतात. ही कसोटी लावली तर दूरदर्शनचा इतिहास लिहायला माझ्याइतका नालायक माणूस उभ्या मराठवाड्यात सापडायचा नाही. आमच्या घरी १९८६ साली टीव्ही आला तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. पुढच्या वर्षी 'रामायण' सुरू झालं. त्याच्या अठ्ठ्याहत्तर भागांपैकी मी एकही भाग धड पाहिलेला नाही. मी रामायण ऐकलं. तेही माळवदावरून, अँटेनाचा पाइप दोन्ही हातांनी धरून.

तेलगाव हे बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातलं गाव. बीडहून परळीला आणि माजलगावहून धारूरला जाणारे रस्ते जिथे एकमेकांना कापतात तिथे ते वसलेलं आहे. आज एस.टी.तून जाणाऱ्याला ते साखर कारखान्यामुळे कळतं. तेव्हा फाट्यावरच्या चहा-भज्यांमुळे कळायचं. आमचं घर जुनं, माळवदाचं. ज्यांनी माळवद पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो : लाकडी सरे, त्यावर किलच्या, त्यावर हातभर माती. उन्हाळ्यात खाली गारवा राहतो, पण वर कुणी चाललं की खालच्यांच्या ताटात माती पडते. अँटेना फिरवताना मी दोन पावलं सरकलो की खालून दादांचा आवाज यायचा, "आरं, नाच नको! सीतामाईच्या स्वयंवरात माती पडायलीय!"

माळवदाला उजेडासाठी ठेवलेला एक झरोका असतो. आम्ही त्याला साणं म्हणतो. माझ्या पायाशी ते साणं होतं. त्यातून टीव्ही दिसत नसे, दिसायची ती टीव्ही पाहणाऱ्यांची डोकी. टोप्या, पटके, पदर, शेंड्या, तेल चोपडलेले भांग. करमणूक म्हणून मी ती मोजत असे. तेव्हा माझ्या इतिहासाचं साधन तेवढं एकच : एका पडद्यापुढे डोकी किती?

आणि हे साधन वाटतं तितकं वाईट नाही. मुळापासून बघा. १९२५ साली लंडनमध्ये जॉन लोगी बेअर्ड नावाच्या गृहस्थाने टोपीचा डबा, चहाचं खोकं, रफू करायच्या सुया आणि सायकलच्या दिव्याची भिंगं असं भंगार जमवून पहिलं दूरचित्र उमटवलं. त्यात दिसलेलं पहिलं डोकं एका बाहुल्याचं होतं, कारण दिव्यांची आग जिवंत माणसाला सोसवत नव्हती. मग त्याने खालच्या कचेरीतल्या एका पोऱ्याला धरून आणलं. तोही तयार होईना, तेव्हा त्याच्या हातावर अर्धा क्राउन ठेवावा लागला. टीव्हीवर दिसण्यासाठी माणसाला पैसे चारावे लागले, असा प्रसंग पुन्हा फारसा आला नसावा.

पण मला खरा जवळचा वाटतो तो अमेरिकेतला फिलो फार्न्सवर्थ. हा शेतकऱ्याचा पोर. चौदा वर्षांचा असताना बटाट्याचं रान नांगरता नांगरता मागे वळून पाहिलं आणि त्याच्या डोक्यात आलं, की जसं एकेक तास घेत अख्खं रान नांगरून होतं, तसंच एकेक ओळ वाचत अख्खं चित्र पाठवता येईल. १९२७ साली त्याने ते करूनही दाखवलं. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीचं चित्र म्हणजे अशा ६२५ ओळींचं रान. सेकंदाला पंचवीस वेळा नांगरलं जाणारं. आणि तेसुद्धा आधी एकाआड एक तास, मग राहिलेली. आमच्या तात्यांना, म्हणजे आजोबांना, मी हे समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तेवढा बैल कुणाचा म्हणायचा?" तात्यांना विजेपेक्षा बैलावर भरवसा जास्त.

आपल्या देशात हे औत १९५९ साली १५ सप्टेंबरला दिल्लीत धरलं गेलं. आकाशवाणीच्याच वळचणीला, एक लहानसा स्टुडिओ, आठवड्यातून दोनच दिवस कार्यक्रम. युनेस्कोने वीस हजार डॉलर दिले होते आणि फिलिप्सचे १८० संच आले होते. ते संच कुणाच्या दिवाणखान्यात गेले नाहीत, सार्वजनिक ठिकाणी ठेवले गेले. लोकांनी जमायचं, बघायचं आणि बघून झाल्यावर चर्चा करायची असा बेत होता. त्या दिल्लीतल्या मंडळींत आपले पु. ल. देशपांडेही होते, हे मराठी माणसाने मनातल्या मनात का होईना, एकदा म्हणून घ्यायला हरकत नाही. १९६७ साली २६ जानेवारीला 'कृषिदर्शन' सुरू झालं ते दिल्लीभोवतीच्या ऐंशी गावांसाठी, तेही असंच सगळ्यांनी मिळून पाहण्यासाठी. थोडक्यात, टीव्ही ही एकट्याने पाहायची वस्तू आहे असं तिच्या जन्माच्या वेळी आपल्याकडे कुणालाच वाटलं नव्हतं. चावडी, पार, कीर्तन, तमाशा, तसंच हे आणखी एक.

मुंबईला टीव्ही आला १९७२ साली, २ ऑक्टोबरला. वर्षभरात सिंहगडावरच्या मनोऱ्याने तो पुण्याला दिसू लागला. त्या दोन शहरांतली माणसं 'गजरा' आणि 'चिमणराव' यांच्या गोष्टी सांगतात तेव्हा आम्ही मराठवाड्यातले लोक 'हो का' म्हणून गप्प बसतो. १९७२ साली आमच्याकडे दुष्काळ होता. त्या साली आम्ही खडी फोडत होतो.

खरी जिव्हारी लागली ती १९७५ची गोष्ट. अमेरिकेने एटीएस-६ नावाचा आपला उपग्रह वर्षभरासाठी उसना दिला आणि १ ऑगस्टपासून सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत थेट आकाशातून चित्र उतरू लागलं. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तीन मीटरची छत्री, सकाळी शाळेच्या पोरांसाठी धडे, संध्याकाळी शेती, आरोग्य आणि गाणी. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आता, मुंबईला टीव्ही होता म्हणून महाराष्ट्र सोडला असेल म्हणावं, तर मुंबई तेलगावापासून किती कोस? पण तात्यांचं दुखणं निराळं होतं. तात्या निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले. ते वर्तमानपत्र मांडीवर ठेवून म्हणत, "गुलबर्ग्याला आलं. रायचूरला आलं. मेदकला आलं, महबूबनगरला आलं. सगळे आपलेच भाऊबंद! निजामाच्या पंक्तीला आपण एका रांगेत होतो. छप्पन्न साली वाटणी झाली, आन् टीव्ही गेला त्यांच्या वाट्याला." पुढच्या वर्षी ३१ जुलैला अमेरिकेने उपग्रह परत नेला, तेव्हा तात्यांनी चहात साखर जास्त घेतली, असं आमची मोठी माय सांगत असे.

त्यानंतर मात्र गाडी वेगात आली. १९७६ साली दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं निघालं. १९८२ साली १५ ऑगस्टपासून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि चित्राला रंग आला. त्यासाठी सोडलेला इन्सॅट-१ए सप्टेंबरातच निकामी झाला. १९८३ला इन्सॅट-१बी वर गेला आणि टिकला. मग १९८४ साली असा एक काळ आला की देशात जवळजवळ रोज एक नवं प्रक्षेपण केंद्र सुरू होत होतं. 'हम लोग' सुरू झालं ते त्याच जुलैत, आणि शेवटी अशोककुमार येऊन काय म्हणाले याची चर्चा फाट्यावरच्या हॉटेलात होऊ लागली.

या सगळ्या लाटेचं एक टोक आमच्या घरी पोचलं. कापसाचा चुकारा हातात आला आणि दादांनी बीडहून चौदा इंची, काळा-पांढरा संच आणला, एस.टी.त मांडीवर घेऊन. त्याला बॅटरीचीही सोय होती. वीज कधी जाईल याचा नेम नव्हता, म्हणून ऐनवेळी चुलत्यांच्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून लावत. रामायणाच्या दिवशी तेलगावात ट्रॅक्टर चालू होत नसत ते यामुळेही. पडद्यापुढे तीन रंगी काच बसवली होती : वर निळी, मध्ये तांबूस, खाली हिरवी. आभाळ निळं आणि गवत हिरवं दिसावं ही त्यातली युक्ती. पण बातम्या सांगणाऱ्या बाईंचं कपाळ निळं आणि हनुवटी हिरवी दिसे, त्याला इलाज नव्हता.

आता अँटेना. या जातीच्या अँटेनाला 'यागी' म्हणतात. आमच्या गावातल्या एका मास्तरांनी त्याचा संबंध याग-यज्ञाशी जोडून हा शोध आपल्या पूर्वजांचाच असल्याचं मला पटवलं होतं. पुढे कळलं, की हिदेत्सुगु यागी हे जपानी प्राध्यापक होते आणि १९२६ साली शिंतारो उदा यांच्यासह त्यांनी ही रचना मांडली. काही असो, मी त्या यागाचा यजमान होतो. रेडिओच्या मध्यम लहरी जमिनीला धरून लांबवर जातात, टीव्हीच्या लहरी सरळसोट. मध्ये डोंगर आला, पृथ्वीची गोलाई आली, की संपलं. दिल्लीहून निघालेला रामचंद्र छत्तीस हजार किलोमीटर वर जाई, तेवढाच खाली येई आणि शेवटच्या काही कोसांत आमच्या बाभळीत अडकून पडे. त्याला तिथून सोडवण्यासाठी वीस फुटी पाइप, त्यावर ॲल्युमिनियमच्या काड्या आणि पाइपाला मी. अँटेनावर कावळा बसला तरी खाली लक्ष्मणाला धाप लागे.

चित्र गेलं की पडद्यावर मुंग्या. आता वाचनात आलं, की त्या मुंग्यांतली शेकड्यात एखादी मुंगी ही विश्वाच्या आरंभापासून भटकणाऱ्या लहरींची असते. म्हणजे त्या काळी मी दादांच्या ज्या शिव्या खाल्ल्या, त्यांतल्या शंभरात एक विश्वनिर्मितीबद्दल होती.

१९८७ साली २५ जानेवारीला, रविवारी सकाळी, रामायण लागलं. पहिल्या दिवशी साण्यातून मोजली तेव्हा डोकी एकतीस. ही फार नव्हेत. कारण तेव्हा निम्मं गाव गावात नव्हतं. आमच्या भागातली माणसं दसरा-दिवाळीनंतर ऊस तोडायला कोल्हापूर-सांगलीकडे जातात, नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची, बैलगाडी जुंपायची आणि पट्टा पडेपर्यंत कारखान्याच्या फडात कोपी करून राहायचं. मार्च-एप्रिलात टोळ्या परतल्या आणि आकडा चढू लागला. बावन्न. त्रेसष्ट. एका रविवारी ब्याण्णव. अंघोळी करून, कुणी हातात उदबत्ती घेऊन येई. मोठी माय टीव्हीला हळदकुंकू लावून हार घाली. त्या हाराने पडद्याचा वरचा चतकोर झाकला जाई आणि रावणाची बाजूची डोकी दिसत नसत. तात्या मात्र वैतागलेले. उर्दू जाणणाऱ्या माणसाला 'भ्राताश्री' आणि 'तातश्री' समजेनात. "ही कोणती हिंदी म्हणायची?" असं ते दर रविवारी विचारत आणि दर रविवारी पहिल्या रांगेत बसत.

बसण्याची रांग म्हटली की साण्यातून सगळं स्पष्ट दिसतं. खाटेवर तात्या आणि गावातली वडीलधारी. जाजमावर बापये. चौकटीपाशी पोरं. आतल्या दारात बायका. ओसरीवर आणखी कुणी. आणि अंगणात, लिंबाच्या झाडाखाली, खिडकीसमोर उभी असलेली कोयत्यावर जाणारी एक मावशी. ती गावाच्या कडेच्या वस्तीतली. आमच्या ओसरीची पायरी त्या वस्तीतलं कुणी चढत नसे. कुणी तसं बोलून दाखवत नसे; बोलायची गरजच नव्हती.

पण वाचकहो, या मावशीवाचून आमचं दूरदर्शन चालत नव्हतं. माझं ओरडणं माळवदाखाली पोचत नसे आणि घरातला गोंगाट मला कळत नसे. मावशीला खिडकीतून पडदा दिसे आणि वर मान केली की मी दिसे. मुंबईचं चित्र पुण्याला पोचवायला सिंहगडावर मनोरा होता, तसं आमच्या घरचं सहक्षेपण केंद्र म्हणजे ती मावशी.

"मावशी, दिसायलंय का?"

"न्हाई रे पोरा. मुंग्या आल्यात. जरा धारूरच्या अंगाला फिरव. आजून. आजून. हां, आला बग मारुती! आता हलू नको!"

आणि मग ती मला राहिलेलं सांगायची. कोण रडायलं, कोण कुणाच्या पाया पडलं, कैकयीने अंगावर किती दागिने घातलेत. मी रामायण ऐकलं म्हणतो ते खरं तर तिच्या तोंडून. जानेवारी-फेब्रुवारीतले भाग तिने सांगलीकडे फडाजवळच्या एका वाड्याच्या अंगणातून पाहिले होते. तिथंही अंगणातूनच.

आषाढातल्या एका रविवारी भुरभुर पाऊस होता. मी वर पोत्याची खोळ घेऊन उभा, ती खाली तशीच खोळ घेऊन उभी. मोठी मायचं लक्ष खिडकीकडे गेलं. मोठी माय सोवळ्याची कडक, पण तिकडे पडद्यावर शबरीची बोरं चालली होती आणि इकडे ही भिजत होती. बहुधा तिचं तिलाच अवघडल्यासारखं झालं. ती ओरडली, "आगं, भिजायलीस कामून? ये की ओसरीवर."

मावशी हसली. म्हणाली, "मी आत आले तर पोराला कोण सांगंल, मोठे माय?"

आतली माणसं हसली, मीही वर हसलो. मला फार आनंद झाला, की माझ्यासाठी ती पावसात थांबली. तेरा-चौदा वर्षांच्या पोराला आनंद व्हायला एवढं पुरतं. त्या वाक्यात माझी काळजी किती होती आणि 'आज पाऊस आहे म्हणून बोलावतेस, उद्या ऊन पडल्यावर काय?' हे किती होतं, याचा हिशेब मला कळायला वीस वर्षं लागली.

१९८८ साली ३१ जुलैला रामायण संपलं. २ ऑक्टोबरला महाभारत लागलं आणि ब्याण्णवचा आकडा मी पुन्हा कधी मोजला नाही. कारण गावात दुसरा टीव्ही आला, मग पाचवा, मग अकरावा. पुढे अंबाजोगाईला, बालाघाटावर उंच मनोरा उभा राहिला आणि गावातल्या साऱ्या अँटेनांनी वारकऱ्यांसारखी एका दिशेला तोंडं केली. यजमान म्हणून माझं काम संपलं. मग केबल आली. मग छत्र्या आल्या, कोंबड्यांच्या जाळीच्या नव्हे, पत्र्याच्या. एका पडद्यापुढची डोकी बावीस, दहा, पाच अशी उतरत गेली. आता माझ्या घरात चार माणसं आणि पाच पडदे. भागाकार करून पाहिला तर एका पडद्यामागे पुरतं एक डोकंही येत नाही.

यावर आमच्या वयाची माणसं जमली की एक ठरलेला सुस्कारा टाकतात. काय ते दिवस होते, सगळं गाव एका ओसरीवर! टीव्ही तेव्हा माणसं जोडत होता, आता तोडतो. मीही हा सुस्कारा कैक वर्षं टाकला. चांगला जमायचा.

मग एकदा त्या मावशीकडे गेलो. तिच्या पोराने उचलीच्या पैशातून रंगीत टीव्ही घेतला होता. पत्र्याची खोली, एका कोपऱ्यात धान्याचं पोतं, दुसऱ्या कोपऱ्यात टीव्ही, त्यावर विणलेला रुमाल. मावशी टीव्हीच्या अगदी समोर, भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली होती. मी सवयीने म्हणालो, "मावशी, ते पूर्वीचं बरं होतं नाही? सगळे मिळून बघायचो."

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "तुमी मिळून बघायचाव रे. माजे तर पाय दुखायचे."

तेव्हापासून माझा सुस्कारा बंद आहे. डोकी कमी झाली हा इतिहास खरा. पण डोकी मोजताना मी साण्यातून मोजत होतो. अंगणात उभं असलेलं डोकं साण्यातून दिसत नाही. ब्याण्णवच्या आकड्यात ती कधीच नव्हती.

२०२० साली, टाळेबंदीत, २८ मार्चपासून दूरदर्शनने रामायण पुन्हा दाखवायला घेतलं. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा रामायण पाहिलं. पंख्याखाली, खुर्चीवर, शेजारी मुलगी, बाहेरच्या दाराला कडी. ज्या ओसरीवर ब्याण्णव माणसं मावली तिथे आता शेजाऱ्यालाही येऊ द्यायची सोय नव्हती. चित्र स्वच्छ होतं आणि गंमत अशी, की मला कुणाचेच चेहरे ओळखीचे वाटेनात. मावशीने सांगितलेली कैकयी याहून फार देखणी होती.

मावशीचा पोरगा आणि सून तेव्हा तिकडे सांगलीच्या फडावर अडकली होती. एप्रिलात परवानगी मिळाली तेव्हा टोळ्या परत आल्या. ती घरी एकटीच. मी फोन लावला. म्हटलं, "मावशी, रामायण लागलंय. बघायलीस का?"

"बघायले की. मारुती निघालाय लंकेला." मग जरा थांबून म्हणाली, "आन् तुला? आता तरी दिसायलंय का रे पोरा?"